केस कापताना होणारा त्रास : वर्तकनगर सलून प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२५, मंगळवार

आजपासून नोंदी सुरू करते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. ठाण्यातल्या आमच्या सेंटरवर नवीन पालक आले की मी आधी निदानाचे कागद बघत नाही, विचारते की घरात रोज सगळ्यात जास्त झगडा कशावरून होतो, आणि उत्तरं फिरून फिरून तीच येतात, दात घासणं, नखं काढणं, डोक्यावरून पाणी घेणं, शर्टाच्या मागचं लेबल, आणि केस कापणं. त्यातलं केस कापणं सगळ्यात वाईट, कारण बाकीचं किमान घरातल्या घरात होतं, सलूनमध्ये बाकावर बसलेली माणसं बघत असतात. एक आई मुलगा गाढ झोपला की मोबाईलच्या टॉर्चमध्ये कात्रीने कापते, एक बाजू आज आणि दुसरी कूस बदलली की. एका घरात बाबा आणि काका मिळून हातपाय धरतात. आणि ह्या सगळ्यांना कधी ना कधी ऐकवलं गेलंय की पोराला लाडावून ठेवलंय.

लाडाचा काही संबंध नाही. ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), डिस्प्रॅक्सिया (हालचालींची जुळणी कच्ची असणं), शिकण्यातल्या अडचणी असलेल्या बऱ्याच मुलांच्या मेंदूत स्पर्श, आवाज, वास, तोल ह्यांचा हिशोब वेगळा लागतो. शर्ट घातल्यावर आपण मिनिटभरात विसरतो की अंगावर शर्ट आहे, ह्यांच्यातल्या काहींना तो दिवसभर जाणवत राहतो. सलून म्हणजे तर सगळी इंद्रियं एकाच वेळी कामाला लावणारी जागा.

प्रकल्प एवढाच की वर्तकनगर भागातलं एक साधं, नेहमीचं सलून शोधायचं आणि तिथे आमच्या सेंटरची चार मुलं न धरता, न झोपवता केस कापून घेतील असं काहीतरी उभं करायचं. गणपतीच्या आधी. मुलांची नावं लिहिणार नाही, अ., स., म. आणि र. एवढंच. खर्च पालकांच्या ग्रुपने वर्गणी काढून करायचा ठरलाय, फार लागणार नाही असा अंदाज.

१८ जून, बुधवार

सलून मिळालं. दोन ठिकाणी नम्रपणे नाही म्हणाले, त्यांचंही बरोबर आहे, एसीवाल्या सलूनमध्ये खुर्ची रिकामी ठेवणं परवडत नाही. तिसरे दादा गल्लीतले, तीन खुर्च्या, वडिलांपासूनचा धंदा. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "ताई, रडणारी पोरं रोज येतात, आई धरते, मी पटकन उरकतो." मी म्हटलं दादा ते पटकन उरकणंच आपल्याला बंद करायचंय. थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले सोमवारी दुकान बंद असतं, सोमवारी या. आणि पुढचं त्यांनीच सांगितलं की श्रावणात गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच, निम्मे लोक दाढीसुद्धा करत नाहीत, तेव्हा हवा तेवढा वेळ देतो. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. यंदा श्रावण २५ जुलैला लागतोय म्हणजे तयारीला महिनाभर आणि मग प्रत्यक्ष काम, कॅलेंडर आपोआप बसलं.

२३ जून, सोमवार

बंद दुकानात बसून एकेक गोष्ट तपासली. दादा आणि त्यांचा भाचा दोघं होते. मी खुर्चीवर बसले आणि त्यांना म्हटलं नेहमी करता ते सगळं करा, मी मध्ये मध्ये थांबवून लिहिणार.

खुर्ची पंपाने वर गेली की पाय लोंबकळतात. मोठ्या माणसाला काही वाटत नाही, पण ज्या मुलाचा तोलाचा हिशोब कच्चा आहे त्याला पायाखालची जमीन गेली की खरोखर पडतोय असं वाटतं, आणि त्यात मागून कोणीतरी मान खाली दाबतं. डोकं पुढे किंवा मागे झुकलं की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र लगेच खबर देतं, काही मुलांना ती खबर फार मोठ्याने मिळते.

गळ्याभोवती कापड. ह्याला वेल्क्रो आहे, काढताना कानाजवळ चर्रकन आवाज. वेल्क्रो बाद.

पाण्याचा फवारा. थंड, आणि कुठे पडेल सांगता येत नाही. हलका, अवचित होणारा स्पर्श मज्जासंस्थेला सावध करतो, आणि दाबून केलेला, माहीत असलेला स्पर्श शांत करतो, स्पर्शाच्या बाबतीत पालकांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगते. केसांचे तुकडे मानेवर पडणं, पावडरचा पफ, मऊ ब्रशने झाडणं, हे सगळं आपण प्रेमाने करतो आणि ह्या मुलांना तेच नकोसं होतं.

मशीन. इथे पालकांचा एक गैरसमज असतो की कानाला हेडफोन लावला की काम झालं. मशीन कवटीला टेकलं की त्याची थरथर हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जाते, कान बाहेरून झाकले तरी तो आवाज येतोच, उलट बाहेरचे बाकीचे आवाज बंद झाल्याने जास्तच लक्षात येतो. त्यामुळे हेडफोन रस्त्याच्या, टीव्हीच्या, पंख्याच्या आवाजाला उपयोगी, मशीनला नाही. मशीनला उपाय म्हणजे कात्री आणि कंगवा. दादा म्हणाले कात्रीवर वेळ लागतो पण मला येतं, आताच्या पोरांना येत नाही. भाचा हसला.

वास. आफ्टरशेव्ह, हेअर डाय, फिनाईल. सोमवारी डाय कोणाला लावणार नाही म्हणजे तो प्रश्न गेला, फिनाईलने आदल्या रात्री पुसायचं ठरलं, सकाळी नाही.

आणि आरसे. पुढे आरसा मागे आरसा, त्यात स्वतःची रांगच्या रांग दिसते. मागच्या आरशावर चादर टाकायची.

२८ जून, शनिवार

पालकांची मीटिंग. इतकं बोलणं झालं की सगळं लिहीत बसत नाही, महत्त्वाचं तेवढं.

पहिला प्रश्न अ.च्या बाबांचा, ह्याला नाव काय, सर्टिफिकेट मिळतं का. सरळ उत्तर दिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण संवेदनांचा त्रास हा वेगळा प्रकार म्हणून नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ ह्या निदानाच्या पुस्तकात, म्हणजे २०१३ पासून, संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये आलंय, पण सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे संवेदनांचा हिशोब न जुळण्याचा आजार, असं स्वतंत्र निदान तिथेही नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१२ मध्येच सांगितलं होतं की हे वेगळं निदान म्हणून लावू नका, आधी बघा की मागे ऑटिझम, एडीएचडी, चिंता असं काही आहे का. मग स.ची आई म्हणाली म्हणजे हे खरं नाहीच का. खरं आहे हो. मुलाला होणारा त्रास खरा आहे, त्याला स्वतंत्र आजार म्हणायचं का एवढाच वाद आहे, आणि केस कापायला त्या वादाचा निकाल लागायची गरज नाही.

ही कल्पना आली कुठून तेही सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स, स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. शिकायला जड जाणाऱ्या मुलांकडे बघताना त्यांना वाटलं की डोळे कान तपासणीत ठीक असूनही आत येणाऱ्या माहितीची जुळणी नीट होत नसावी. १९७२ मध्ये त्यांनी ह्यावर पुस्तक लिहिलं, ते शिकण्यातल्या अडचणींवरच होतं, ऑटिझमशी त्याची घट्ट जोडी नंतर बसली. मग १९९७ मध्ये विनी डन ह्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मुलांच्या प्रतिसादाचे चार गट मांडले, संवेदना टाळणारे, सगळं टोचणारे, अजून हवं असणारे आणि लवकर न जाणवणारे, आणि मला रोजच्या कामात तेच उपयोगी पडतात, कारण लोकांना वाटतं सगळी मुलं आवाजाला घाबरतात, तसं नसतं.

आमचे चौघे म्हणजे चार दिशांची तोंडं. अ. सात वर्षांचा, ऑटिझम, बोलतो थोडं, कोणी डोक्याला हात लावायच्या आधीच पळतो, टाळणारा. म. नऊ वर्षांची, हालचालींची जुळणी कच्ची, पळत नाही पण प्रत्येक गोष्ट टोचते आणि ती ते सहन करत बसते, सकाळी वेणी घालताना रोज रडते. स. दहा वर्षांचा, एडीएचडी आणि वाचनाची अडचण, त्याला अजून पाहिजे असतं, अजून फिरव, अजून जोरात, खुर्चीवर टिकत नाही. आणि र. सहा वर्षांचा, डोळ्यांवर केस आले तरी त्याला कळत नाही, नाव तीनदा हाकारावं लागतं, पण मशीन लागलं की अचानक किंचाळतो. डन ह्यांच्या चौकटीत एकच मूल दोन कप्प्यांतही असतं, र. तसा आहे.

आत वजन भरलेल्या जॅकेटबद्दल दोघांनी विचारलं, ऑनलाइन दिसतं. मी सांगितलं त्यावर पैसे घालू नका, अभ्यासांमध्ये ठोस फायदा दिसलेला नाही. संवेदनांवरच्या आमच्या स्वतःच्या थेरपीबद्दलही खरं तेच सांगितलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ३२ ऑटिस्टिक मुलांवरच्या अभ्यासात कुटुंबाने ठरवलेल्या रोजच्या कामांमध्ये सुधारणा दिसली, आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधला १३८ मुलांचा मोठा अभ्यास आला त्यात वागण्यातल्या चिडचिडीवर नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त फरक दिसला नाही. ह्यातून मी एवढंच घेते की मूल सरसकट "बरं" करण्याच्या नादी लागू नये, एक काम धरावं, ते काम मुलाला झेपेल असं करावं. आपलं काम केस.

७ जुलै, सोमवार

कार्डं तयार केली. ह्याच सलूनचे, ह्याच खुर्चीचे, दादांचे फोटो काढून, नेटवरची परदेशी चित्रं नकोत, मुलं म्हणतात हे दुकान ते नाही आणि त्यांचं बरोबरच असतं. दार, बाक, खुर्ची, कापड, कंगवा, कात्री, झाडणं, घरी. लॅमिनेट करून मागे वेल्क्रो (कार्डांना चालेल, मानेला नाही).

एक कार्ड वेगळं, लाल, त्यावर उघडा पंजा, थांब. ह्या कार्डावर आज सगळ्यात जास्त चर्चा झाली. माझी अट अशी की मुलाने थांब दाखवलं की कात्री थांबणार, लगेच, "एवढंच राहिलंय रे" न म्हणता. डोकं अर्ध झालं असलं तरी थांबणार आणि मूल म्हणालं तर तसंच घरी जाणार. दादांना हे पचेना. ते म्हणाले ताई अर्धी हजामत करून पोरगं गल्लीतून गेलं तर लोक म्हणतील हे ह्याने केलं, माझं नाव जाईल. अगदी खरी अडचण आहे, त्यांच्या कामाची इभ्रत आहे ती. पण थांब खोटं निघालं तर पुढच्या वेळी मूल दारातही येणार नाही, आणि इतकी वर्षं ह्या मुलांचं प्रत्येक थांब खोटंच निघालंय, ओरडून, चावून, पळून ते तेच सांगत होते. शेवटी दादांनीच तोड काढली. कापायचा क्रम असा बसवायचा की कधीही थांबलं तरी फार विचित्र दिसणार नाही, आधी दोन्ही कानांवरचं थोडं थोडं, मग मान, मग पुढचं, एका बाजूचं पूर्ण उरकून दुसरीकडे जायचं नाही. चाळीस वर्षं हातात कात्री असलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

दुसरी गोष्ट मोजणं. दादा मोठ्याने दहापर्यंत मोजणार, एका लयीत, दहाला कात्री खाली. शेवट कधी आहे हे कळलं की बरंच सोसता येतं, मोठ्यांनाही.

१४ जुलै, सोमवार

दादा आणि भाच्याची तालीम, गिऱ्हाईक म्हणून मी, मग भाचा. मागून हात लावायचा नाही, आधी आरशात दिसायचं, मग सांगायचं, मग तळहात पूर्ण टेकवून डोक्यावर दाब देऊन ठेवायचा आणि मगच कंगवा. बोटांच्या टोकांनी डोकं वळवायचं नाही, मुलालाच सांगायचं खिडकीकडे बघ. केस झाडायचे नाहीत, सुती पंचा दाबून टिपायचा. गळ्याला सलूनचं कापड नको, मुलाचा जुना टी-शर्ट घालून यायचं आणि झाल्यावर लगेच बदलायचा. पायाखाली लाकडी पाट, वाण्याकडचा रिकामा क्रेटही चालेल पण पाट हलत नाही.

मध्येच दादा म्हणाले, जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर का बसवतात माहितीये का. मी म्हटलं सांगा. म्हणाले रीत तर आहेच पण मांडीवर पोर बसतं, पाठीला छाती लागते, पाय लोंबत नाहीत, सुटी खुर्ची दिली तर एक पोर बसणार नाही. मी दोन्ही हात जोडले त्यांना. खोल दाब, आधार, ओळखीचा वास, सगळं त्यात आहे. फक्त फरक एक लिहून ठेवते, मांडीवर बसवणं आणि जखडून धरणं हे वेगळं, मूल उठून जाऊ शकलं पाहिजे. अ.साठी बाबांची मांडी ठरली.

त्यांनी विचारलं हे तुमचं शिक्षण आपल्याकडे नवीन आहे का. नाही म्हटलं, कमलाताई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएमला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, पंचाहत्तर वर्षं झाली. लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतोय एवढंच.

२१ जुलै, सोमवार

पहिली भेट, कापायचं काहीच नाही. यायचं, बाकावर बसायचं, कार्डं लावायची, खुर्चीला हात लावायचा, घरी. अ. दारातच थांबला, उंबरा ओलांडला नाही, तिथूनच कात्रीचा आवाज ऐकला आणि गेला. चांगली भेट. त्याच्या बाबांना तसं वाटलं नाही, रिक्षाचे पैसे घालून नुसतं दारात उभं राहायला आलो का असं म्हणाले, दिवसभराची सुट्टी टाकून आलेल्या माणसाचं हे म्हणणं मला समजतं. त्यांना म्हटलं आज तो रडला का. म्हणाले नाही. सलूनच्या दारात ह्याआधी कधी न रडता उभा होता का. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या सोमवारी येतो म्हणाले.

स.ने खुर्ची गरागरा फिरवली. म. ने सगळी कार्डं वाचून दाखवली, तिला शेवटचं "घरी" सगळ्यात आवडलं. र. बाकावर आडवा झाला.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार, आणि र.च्या आजींनी निरोप पाठवला की श्रावणात नातवाच्या डोक्याला कात्री लागणार नाही. त्याच्या आईला फार अवघडल्यासारखं झालं, म्हणाली मी बोलू का त्यांच्याशी. मी म्हटलं अजिबात नको. घरातलं माणूस दुखावून केलेलं काम टिकत नाही, र. नुसता येऊन बसू दे, पाटावर पाय ठेवू दे, कात्रीचं नंतर बघू. आजी स्वतः त्याला घेऊन आल्या मग. दुकानात बसून दादांशी त्यांच्या गावाच्या गप्पा, दोघं साताऱ्याकडचेच निघाले.

घरी करायचा सराव सगळ्यांना दिला. अंघोळीआधी टॉवेलने डोकं दाबून पुसायचं, मग कंगवा, मग बंद कात्री नुसती केसांजवळ नेऊन मोजायचं. येण्याआधी अर्धा तास अंगमेहनतीचं काम, पाण्याची बादली उचलणं, भिंत ढकलणं, किराणाची पिशवी जिन्यावरून नेणं. स्नायू आणि सांध्यांना भरपूर काम मिळालं की पुष्कळ मुलं स्थिरावतात, स.च्या बाबतीत तर डोळ्यांनी दिसतं.

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारी अडीचची वेळ, दुकानात कोणी नाही, श्रावणाचा फायदा. अ.चा दिवस.

बाबांच्या मांडीवर, पाय पाटावर, मागच्या आरशावर चादर, टीव्ही बंद, पंखा एकवर. दादा आरशात दिसले, हात दाखवला, तळहात डोक्यावर टेकवला. एक ते दहा. नुसता कंगवा. कार्ड काढून डब्यात टाकलं त्याने स्वतः. मग कात्री, एक, दोन, तीन, चारला लाल कार्ड वर. दादांची कात्री हवेतच थांबली, मी बघत होते त्यांच्याकडे, एक केससुद्धा जास्तीचा कापला नाही. अ. दादांकडे बघत राहिला. मग त्याने कार्ड खाली ठेवलं. परत एक ते चार आणि लाल कार्ड. परत थांबले. असं बराच वेळ चाललं आणि मला अगदी स्पष्ट दिसत होतं की तो केस कापून घेत नाहीये, तो तपासतोय, हे कार्ड खरंच चालतं का. एकदा तर कात्री लागायच्या आधीच दाखवलं, नुसतं थांबवून बघायला.

दोन्ही कानांवरचं थोडं आणि मानेवरचं एवढं झालं. मग उठला, "घरी" लावलं आणि निघाला. बाबा दारातून परत आले आणि दादांना पैसे द्यायला लागले, दादा म्हणाले अर्ध्याचे घेत नाही, पूर्ण झाल्यावर. बाहेर पाऊस होता म्हणून रिक्षा मिळेपर्यंत तिघं तिथेच बाकावर बसले, अ. पण बसला.

११ ऑगस्ट, सोमवार

स. पूर्ण झाला. खुर्ची फिरवणं त्याला आवडतं पण फिरवल्यावर तो शांत व्हायच्या ऐवजी जास्त चढतो, त्यामुळे खुर्ची लॉक, आणि येताना वागळे इस्टेटच्या घरापासून चालत, पाठीला दप्तर, हातात पाण्याची बाटली, दारात आल्यावर मूठभर चणे. कडक चावायला मिळालं की जबड्यालाही काम मिळतं. त्याला मशीन हवंच होतं, आवाज आवडतो, तर आधी तळहातावर लावून दाखवलं मग मानेवर. नंबर दोन. त्याच्या आईला मात्र वाईट वाटलं की ह्याला एवढं सोपं गेलं आणि अ.ला नाही, तिला सांगितलं तुलना करू नका, दोघांचे प्रश्न उलटे आहेत.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. ठाण्यात आज कुठल्याच मुलाला बाहेर काढायचं नाही असं ग्रुपवर टाकलं. ज्यांच्या बिल्डिंगखालीच डीजे आहे त्यांनी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, इअर मफ. हे इअर मफ लहान मुलांचे म्हणून महाग विकतात, वागळेच्या सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात कारखान्यातले मिळतात, पट्टा लहान करता येतो का ते बघून घ्यायचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमात लिहिलेली आहे. आज ती कुठे पाळली जाते ते दिसतंच, आणि ह्याचा मला दरवर्षी मनापासून राग येतो, कारण मोठ्यांच्या दोन तासांच्या जल्लोषानंतर ही मुलं दोन दोन दिवस जेवत झोपत नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

पावसाने सगळं ठप्प. रद्द.

२१ ऑगस्ट, गुरुवार

म. साठी सलून नाही, घरच. मुलींच्या केसांचा त्रास कोणी मोजत नाही कारण मुली सलूनमध्ये ओरडत नाहीत, त्या घरी आईच्या पुढ्यात बसून रोज सकाळी रडतात आणि ती नाजूकपणात जमा होते. आज तिच्या घरी गेले. आतापर्यंत आई पलंगावर बसून उभ्या म. ची वेणी घालायची, शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना. आता म. खाली जमिनीवर, पाठ आईच्या पायांना टेकलेली, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. मोठ्या दातांचा कंगवा, आधी खालची टोकं, मग मधलं, मग वर, आणि गुंता सोडवताना केस मुळाजवळ मुठीत घट्ट धरायचे म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. तेल आदल्या रात्री, सकाळी नाही. मोजणं म. स्वतःच करते.

शाळेच्या बाईंशीही बोलणं झालं, दोन वेण्या रिबिनीसकट हा नियम आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि खांद्यापर्यंत केस कापून एक पोनी चालेल म्हणाल्या, मुख्याध्यापिकांना त्याच सांगतील. कापायचं कोण हा प्रश्न होता तर म. म्हणाली ते दहा मोजणारे दादा. आईला जरा विचित्र वाटलं, जेंट्स सलून, मग म्हणाली श्रावण संपला की सोमवारी बंद दुकानातच जाऊ.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. दुकान आज सोमवार असूनही उघडं, बाहेरपर्यंत रांग, दादा सकाळपासून उभे. पण त्यांनी सकाळी साडेसहाची वेळ शटर अर्ध खाली ठेवून आम्हाला दिली, आधी म. आणि मग अ.

म. चे केस खांद्यापर्यंत, कात्रीने, काही प्रश्न आला नाही, पाय पाटावर होते आणि खुर्ची वर घेतलीच नाही, दादांनीच स्टूल ओढून बसून कापले.

अ. बाबांच्या मांडीवर नको म्हणाला, शेजारी बाबांना उभं केलं आणि त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवला. लाल कार्ड आज दोनदाच. एकदा केस नाकावर पडला म्हणून, ते पंचाने टिपलं, आणि एकदा बाहेर कोणीतरी शटर वाजवलं तेव्हा. पुढचं मागचं सगळं झालं. डाव्या कानाच्या मागे थोडं लांब राहिलंय, तिथे तो हात लावू देत नाही, राहू दे. दादांनी आज पूर्ण पैसे घेतले. बाबांनी नाही म्हणायच्या आत पेढेही दिले, ते दादांनी गल्ल्यावर ठेवले आणि शटर वर केलं.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष चालू, परत दुकान मोकळं. र. अजून राहिलाय. आजींना आता पितृपक्षातही नको आहे, नवरात्रात घट बसले की तेव्हाही नाही, म्हणजे दसऱ्यानंतर. तोवर त्याचे पुढचे केस डोळ्यांत जातात ते आई पिनेने बांधते, त्याला पिनेचा काही त्रास नाही. दर बुधवारी येऊन पाटावर बसायचं चालूच आहे. मशीन त्याच्यासाठी वापरायचंच नाही असं ठरलंय, आणि नाव घेण्याआधी त्याच्या खांद्यावर दाबून हात ठेवायचा, नुसती हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि मग एकदम स्पर्श झाला की दचकतो, किंचाळण्याचं मूळ मला तिथे वाटतंय. दसऱ्यापर्यंत बघू.

खर्चाचा हिशोब ग्रुपवर टाकला. पाट, दोन पंचे, लॅमिनेशन, चादर दादांचीच. बाकी वर्गणी शिल्लक आहे. कळव्याच्या दोन आयांनी विचारलंय, भाच्याचं तिकडे स्वतःचं दुकान सुरू होतंय, त्याला कार्डांचा दुसरा सेट लागेल, फोटो त्याच्या दुकानाचे नव्याने काढायचे. त्याला कात्रीवर हात बसवायचाय, दादा म्हणालेत रोज संध्याकाळी एक गिऱ्हाईक मशीनशिवाय. शनिवारी फोटो काढायला मी जाते, लाल कार्ड दोन जास्त छापायचीत, एक अ. घरी घेऊन गेलाय आणि दात घासताना दाखवतो.